रुमालाखालचा कीबोर्ड
माधुरीचा कॉम्प्युटर क्लास घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला अगदी लागून होता, आणि खरी पंचाईत तिथंच होती. बाजाराच्या दिवशी दारात म्हशी येऊन उभ्या राहायच्या, विद्यार्थी मात्र यायचे नाहीत. शिकणाऱ्या होत्या त्या दोनच मुली, एकमेकींच्या मैत्रिणी. एकीला ताप आला की दोघींची दांडी.

गाळा सासऱ्यांचा, भाऊसाहेबांचा. त्यांनी वर्षभर कळ काढली आणि काल जेवताना सांगून टाकलं, "उद्या कानिफनाथ पेंडवाला गाळा बघाया येतोय. सरकी पेंडीला गिऱ्हाईक हाय, कॉम्प्युटरला न्हाई. तुजं सामान घरी आणून ठेव." नवऱ्यानं, योगेशनं, भाकरीत अशी काही मान घातली की जणू ती त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती.

माधुरीला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी क्लास उघडला, पण हात कशालाच लागेना. शेवटी नगरला राहणाऱ्या धाकट्या भावानं, महेंद्रनं, दिलेली फ्लॉपी तिनं लावली. पूर्वी टीव्हीला जोडून, कॅसेट घालून दोघं जे गेम खेळायची, ते आता कॉम्प्युटरवर चालवणारं इम्युलेटर नावाचं सॉफ्टवेअर तिच्यात होतं. पडद्यावर ठेंगणा शिपाई उभा राहिला, तीच जुनी टुणटुण वाजू लागली, आणि माधुरी गाळा, पेंड, सासरा सगळं विसरली. इतकी की मागं माणसं येऊन उभी राहिली तरी तिला पत्ता नाही.

"ह्ये काय चाललंय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

तिनं घाबरून बंद करायचं बटण दाबलं. गेम बंद होईना. टुणटुण तर जास्तच जोरात वाजतेय असं वाटू लागलं.

"बोटांचा व्यायाम, मामा," तिच्या तोंडून निघून गेलं. "टायपिंगच्या आधी करावा लागतो."

भाऊसाहेबांसोबत कानिफनाथ होता, आणि भाड्याचा सौदा जमवायला आलेले आबासाहेब दलाल होते. आबासाहेबांचा सगळा जन्म जनावरांच्या बाजारात गेलेला. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या माणसालाही कळता कामा नये. त्यामुळे बोटांचा व्यायाम म्हटल्यावर आबासाहेबांचे कान टवकारले.

"मग मला बसू दे की. माजं सगळं पोट बोटावरच चालतंय."

नाही कसं म्हणणार? ते बसले. पण उघड्या कीबोर्डावर त्यांची बोटं लाकडासारखी ताठली. शिपाई धावत गेला आणि खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. "उघड्यावर न्हाई जमत," म्हणून आबासाहेबांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि दोन्ही हात, कीबोर्ड सगळं झाकून टाकलं. अक्षरं दिसणार नाहीत, असं माधुरी सांगणार होती. तेवढ्यात शिपायानं खड्डा ओलांडला, वटवाघळं चुकवली आणि थेट लोखंडी दारापाशी जाऊन मेला.

"आता परत पहिल्यापासनं?"

"नाही, मी जरा आधीचं साठवून ठेवलंय," म्हणत माधुरीनं एक बटण दाबलं. शिपाई दारासमोर जिवंत उभा. "टीव्हीच्या खेळात ही सोय नव्हती, कॉम्प्युटरवर आहे."

खेळ हा शब्द बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. भाऊसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं.

"बाजारात अशी सोय असती," आबासाहेब हळहळले, "तर माजे किती सौदे वाचले असते."

आता दारात गर्दी जमली. एका म्हशीनंही आत डोकं घातलं, ते मालकानं ओढून काढलं. इतका वेळ गाळ्यात किती पोती बसतील याचा अंदाज घेणारा कानिफनाथ पुढं सरकला. "उठा, मी बघतो." त्याचा शिपाई जागचा हलेना.

"बोट दाब, चिमटा घेऊ नको," आबासाहेब खेकसले.

मग माधुरीला राहवलं नाही. कोणतं बोट कुठं, नजर कुठं, सगळं ती समजावत बसली. पेंडवाल्याचं मोठं, खडबडीत बोट तिनं स्वतः नेऊन बटणावर ठेवलं. शिपाई खड्डा ओलांडून गेला तेव्हा कानिफनाथ मनापासून हसला.

"ह्याच बोटांनी हिशेब बी हुतो?"

"बिलं, हिशेब, सगळं."

"आमच्या दीपाला येईल? बारावी होऊन घरी बसलीय."

"तुम्हाला आलं, तिला का नाही येणार?"

भाऊसाहेब खाकरले. "आबासाहेब, रुमाल काढा. सौदा करायचाय."

कीबोर्डावरचा रुमाल उचलला गेला आणि सासरे व पेंडवाला यांच्या हातांवर पडला. कापड हलत होतं. कानिफनाथ मान हलवत होता, भाऊसाहेब सोडत नव्हते. शेवटी दोघं एकदमच "झालं" म्हणाले. माधुरीनं फ्लॉप्या गोळा करायला घेतल्या. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पदरानं टिपलं.

"मामा, कॉम्प्युटर आजच हलवायचे का?"

"कुठं हलवती? उद्यापास्नं त्याची दीपा आन् दोन्ही सुना येत्याल."

"मग हा सौदा?"

"तुज्या फीचा. तू लई कमी सांगती. मी वाढवून घेतली."

"आन् पेंड काय, कुठं बी ठेवता येती," कानिफनाथ म्हणाला. तोवर दारातल्या गर्दीतून आणखी एक हात रुमालाखाली शिरला होता. त्यालाही पोरगी होती.

माधुरीला खोटं पचेना. "मामा, तो व्यायाम नव्हता. गेम होता."

"मला काय दिसत न्हाई व्हय?" भाऊसाहेब म्हणाले. "पर तुला शिकवताना मी आज पहिल्यांदा बघितलं."

गोळा केलेल्या फ्लॉप्या माधुरीनं परत जागेवर ठेवल्या.

आबासाहेब पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले होते आणि उठायचं नाव घेत नव्हते. "माजी दलाली ऱ्हायली की. पैका नको. माजा शिपाई त्या दारापाशी साठवून ठेव, बाई. दर बाजाराला येऊन बसत जाईन."

"बसा की," भाऊसाहेब म्हणाले, "पर त्याची फी निराळी पडंल," आणि त्यांनी हात रुमालाखाली सारला.