लेन्सची डबी

चष्मेवाल्यांच्या घरात कपाटं होती, खण होते, माळा होता. पण मेहुण्याला सापडणार नाही अशी जागा नव्हती. मेहुणा भाड्याचं घर मिळेपर्यंत म्हणून राहायला आला होता आणि घर शोधण्याच्या सरावासाठी बहिणीच्या घरातली कपाटं शोधत होता. मनाने चांगला, पण पोटात काही राहत नसे. सकाळी त्याला कळलेली गोष्ट दुपारी धोबिणीकडे आणि संध्याकाळपर्यंत चौकात पोहोचायची. बायकोच म्हणायची, "माझा भाऊ म्हणजे बंद न होणारा रेडिओ."

आणि चष्मेवाल्यांना नेमकी लपवायची होती एक गोळी. पांढरी, वाटोळी, मधे रेघ असलेली.

गेल्या वर्षी चष्मेवाल्यांचं काहीतरी बिनसलं. दुखत काही नव्हतं. सकाळी उठून दात घासायचे म्हटलं की डोंगर चढायचा आहे असं वाटे. दुकानाचं शटर अर्धं उघडून ते आत नुसते बसत. गिऱ्हाईक वाकून डोकावलं, तर "उद्या या" म्हणत. शेवटी बायकोने हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं, नैराश्य आहे असं सरळ सांगितलं आणि दोन गोष्टी लिहून दिल्या : रोज सकाळी काहीतरी खाऊन ही गोळी आणि रोज सकाळी व्यायाम.

"व्यायाम सगळ्यांना दिसला तरी चालेल," घरी येताना चष्मेवाले बायकोला म्हणाले, "पण गोळी नको. डोक्याची गोळी घेणाऱ्याकडून डोळे तपासून कोण घेईल?"

"अहो, काहीतरीच काय!"

"तुझ्या भावाला कळलं की संपलंच."

हे मात्र बायकोलाही पटलं.

तेव्हा चष्मेवाल्यांनी एक युक्ती काढली. कॉन्टॅक्ट लेन्स ठेवायची ती छोटी, दोन टोपणांची पांढरी डबी असते, तशा डब्या त्यांच्या घरीदारी ढिगाने पडलेल्या असत. डावीकडच्या खणात त्यांनी गोळ्या ठेवल्या. मेहुण्याने ती डबी दहादा हातात घेतली असेल आणि दहादा बाजूला टाकली असेल. चष्मेवाले स्वतःच्या हुशारीवर खूश होते. एकच गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. त्यांच्या स्वतःच्या नाकावर बाटलीच्या बुडाइतक्या जाड काचांचा चष्मा होता. असा माणूस लेन्सची डबी घेऊन व्यायामशाळेत कशाला जाईल?

व्यायामशाळा गल्लीच्या टोकाला होती. एक लांबट हॉल, गंजके डंबेल्स, भिंतीवर एकच आरसा आणि तोही तडकलेला. कोच म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेला, कमी बोलणारा, जाड मिशांचा माणूस. सुरुवातीला चष्मेवाल्यांना नुसती लोखंडी दांडी उचलवत नव्हती. कोच फक्त म्हणाला, "उद्या या." आपलंच वाक्य आपल्याला ऐकवलं जातंय असं वाटून चष्मेवाले दुसऱ्या दिवशी खरंच गेले. मग रोज गेले. व्यायाम झाल्यावर कपडे बदलायच्या खोलीत एक केळं खायचं आणि गोळी घ्यायची, असा क्रम बसला. काही महिन्यांत दुकानाचं शटर पूर्ण उघडायला लागलं. दांडीला वजनं लागली. एकदा तर चष्मेवाले जोरात हसले आणि स्वतःच दचकले.

हे सगळं मेहुण्याच्या डोळ्यांवर आलं. तोही त्याच व्यायामशाळेत यायचा, पण त्याची प्रगती मुख्यतः गप्पांमध्ये होती. एके दिवशी कपडे बदलायच्या खोलीत त्याने चष्मेवाल्यांना डबीतून काहीतरी तोंडात टाकताना रंगेहाथ पकडलं.

"भाऊजी! तुम्ही लेन्स खाता?"

चष्मेवाल्यांच्या घशात केळं अडकलं. खरं सांगायचं नव्हतं आणि खोटं बोलायची सवय नव्हती. मिळालं ते खोटं त्यांनी उचललं.

"ताकदीची आहे. बाहेरच्या देशातून येते."

"तरीच!" मेहुण्याने मांडीवर थाप मारली. "आठवडाभर मी विचार करतोय, हा माणूस एवढं उचलतो कसा? आम्हाला नाही सांगितलंत ते!"

"कोणाला बोलू नकोस."

"छे! माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला आणि बँकेतल्या मॅडम चष्मेवाल्यांची वाट बघत उभे होते. हे दोघे, मेहुणा आणि चष्मेवाले मिळून व्यायामशाळेचा रस्सीखेचीचा संघ होता. समोरच्या रस्त्यावर नवी, काचांची, गार हवेची जिम उघडली होती, तिच्याशी सामना ठरला होता.

"चष्मेवाले, एकट्यानेच दोर ओढणार का?" बेकरीवाल्याने विचारलं. "आम्हालाही द्या की."

"संघभावना म्हणून तरी," मॅडम म्हणाल्या.

आपली गोळी दुसऱ्याला देणं हा विचारसुद्धा चष्मेवाल्यांनी मनात येऊ दिला नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मग ते दूरच्या दुकानात जाऊन तशाच दिसणाऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या घेऊन आले आणि प्रत्येकाला एकेका डबीत भरून दिल्या.

"चघळायची नाही, गिळायची," त्यांनी सांगितलं.

"वास येतोय हो," मॅडमनी नाक मुरडलं.

"बाहेरच्या मालाला वास असतोच," मेहुण्याने परस्पर खुलासा केला.

पेपरमिंटने चमत्कार केला. बेकरीवाला मैद्याचं पोतं एका हाताने उचलतो अशी बातमी आली. मॅडमनी तिजोरीचं अडकलेलं दार एका हिसक्यात उघडलं. मेहुणा तर चक्क वेळेवर यायला लागला. बातमी पसरली आणि चष्मेवाल्यांच्या दुकानात लेन्सच्या डब्यांना अचानक मागणी आली. डोळे ठणठणीत असलेली माणसं येऊन हळूच विचारत, "डबी आहे का? आतल्यासकट?" चष्मेवाले रिकाम्या डब्या विकत आणि घाम पुसत. रेडिओचा आवाज समोरच्या जिमपर्यंतही गेलाच होता.

सामन्याच्या सकाळी संघ हॉलमध्ये जमला असताना कोच आत आला. मिशा थरथरत होत्या.

"समोरच्यांनी तक्रार केलीय. म्हणे माझा संघ उत्तेजक औषधं घेतो. डब्या काढा."

चार पांढऱ्या डब्या बाकावर आल्या. कोचने त्या आपल्या टोपीत गोळा केल्या, त्यातली एक उघडली आणि मिशांजवळ नेली. मिशा थरथरायच्या थांबल्या.

"पेपरमिंट?" तो म्हणाला. "तुम्ही लोक पेपरमिंट खाऊन दोर ओढणार? घ्या, खुशाल खा!" आणि टोपी बाकावर उपडी करून तो पंचांशी बोलायला बाहेर गेला.

"कोचला नुसता वास कळला, ताकद नाही कळली," मेहुणा डोळा मारून कुजबुजला.

चार हात पुढे आले आणि ज्याला जी मिळाली ती त्याने उचलली. गिऱ्हाइकांना चष्मा देताना चष्मेवाले गेली वीस वर्षं सांगत आले होते, "चष्म्याच्या घरावर आपली खूण करून ठेवा, सगळी घरं सारखीच दिसतात." स्वतःच्या डबीवर त्यांनी साधी रेघही ओढली नव्हती.

बाहेर शिट्टी वाजली. "चला, गोळी!" मेहुण्याने हुकूम सोडला. चष्मेवाल्यांनी केळं संपवून टोपण उघडलं. पेपरमिंटचा वास आला. आपली गोळी आता या तिघांपैकी एकाच्या हातात आहे.

"थांबा! कोणी गिळू नका!"

तिघे हात तोंडाशी नेऊन थांबले.

"वास घ्या. ज्याच्या गोळीला वास नाही, त्याने ती मला परत द्या."

बेकरीवाल्याने हुंगलं. परत हुंगलं. मग त्याचे डोळे बारीक झाले.

"माझ्या गोळीला वास नाही. म्हणजे तुमची वेगळी होती?"

"हो. द्या इकडे."

"अस्सं!" बेकरीवाल्याने मूठ आवळली. "म्हणजे अस्सल माल स्वतःला आणि आम्हाला पेपरमिंट?"

"भाऊजी!" मेहुण्याचा आवाज रडवेला झाला. "घरच्या माणसाशीसुद्धा?"

"घरच्या माणसाचं जाऊ दे," मॅडम कडाडल्या, "आम्ही तुमच्याकडून तीन चष्मे घेतलेत!"

"ती तुमच्या कामाची नाही हो!"

"ते मी ठरवीन," असं म्हणून बेकरीवाल्याने मूठ तोंडाकडे नेली. मैदा मळून कमावलेली ती मूठ सोडवणं चष्मेवाल्यांना शक्य नव्हतं. एकच गोष्ट तिला थांबवू शकत होती. ती त्यांनी वर्षभर जपून ठेवली होती, आणि ती ऐकायला गावातला सगळ्यात मोठा रेडिओ समोरच उभा होता.

"नैराश्याची गोळी आहे ती," चष्मेवाले म्हणाले. "मला गेल्या वर्षापासून आहे. डॉक्टरांनी मला दिलीय, माझ्यासाठी. तुम्ही घेऊ नका. काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू?"

मूठ तोंडाशीच थांबली. आरशातल्या तडकलेल्या जागी चष्मेवाल्यांना स्वतःचे दोन चेहरे दिसले आणि दोन्ही घामाघूम होते.

"दाखवा," दारातून आवाज आला. कोच कधी परत आला होता कोणास ठाऊक. बेकरीवाल्याने मूठ उघडली. कोचने गोळी उचलून मधली रेघ पाहिली.

"सकाळची?"

"हो. खाऊन झाल्यावर."

"मला रात्रीची सांगितलीय," कोच म्हणाला आणि गोळी चष्मेवाल्यांच्या तळहातावर ठेवली.

तिघांनी आ वासला.

"काय बघताय? चौथं वर्ष आहे माझं."

"पण कोच, नियमात..." मॅडम चाचरल्या.

"पंचांना दाखवलाय माझा कागद, मागच्याच वर्षी. हिने दोर ओढला जात नाही, मॅडम. दोरापर्यंत येता येतं." त्याने शिट्टी तोंडात धरली, मग पुन्हा काढली. "घ्या तुमची गोळी. आणि तुम्ही तिघं तुमची पेपरमिंट घ्या. मग मैदानात या."

सामना ते हरले. सपशेल हरले. आपण आजवर पेपरमिंटवर ओढत होतो हे कळल्यावर मेहुण्याच्या अंगातलं बळच गेलं होतं. तरी दोर सोडायला तो तयार नव्हता, त्यामुळे संघ थांबल्यावरही तो एकटा पोटावर घसरत रेषेपलीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी शटर उघडलं, ते कोर्टात निकाल ऐकायला उभं राहावं तसं. पहिलीच आली धोबीण. चष्म्याची काडी तुटली होती.

"ऐकलं हं तुमच्याबद्दल!" ती म्हणाली.

चष्मेवाल्यांनी टेबलाची कड धरली. "काय ऐकलंत?"

"मेहुण्याला पेपरमिंट चारून पैलवान केलंत म्हणे! पोट धरून हसलो आम्ही. स्वतः करून दाखवत होता, कसा घसरला ते!"

दिवसभर गिऱ्हाइकं आली आणि सगळ्यांनी पेपरमिंटचीच गोष्ट सांगितली. प्रत्येक वेळी त्यात मेहुणा आणखी लांब घसरत होता आणि आणखी मूर्ख ठरत होता. संध्याकाळी तो स्वतः दुकानात आला. कोपरं सोललेली होती.

"काय काय सांगितलंस रे लोकांना?"

"सगळं सांगितलं. माझ्या पोटात काही राहतं का?"

"आणि ते दुसरं?"

"दुसरं कुठलं?" मेहुणा शोकेसमधल्या चष्म्यांकडे बघत म्हणाला. "हां, तुमची डबी तुम्ही घरीच विसरलात."

त्याने खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. डावीकडच्या टोपणावर लालभडक, थोडा पसरलेला ठिपका होता.

"खूण केलीय. आता बदलायची नाही," मेहुणा म्हणाला. मग दाराकडे एकदा बघून, पुढे वाकून, आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "ताईच्या नेलपॉलिशची नवी बाटली सांडलीय त्यात. भाऊजी, एवढं मात्र कोणाला बोलू नका."