झाकणावरचा दगड

असे जवळ सरकून बसा. नेकनूरच्या गहिनीनाथाची एक गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर मधूनच उठून जा, राग नाही.

गहिनीनाथ गावच्या विजयसिंह मालकांच्या बंगल्यावर कामाला. जीव मात्र दोनच ठिकाणी: स्वतःचं दोन एकर सोयाबीन आणि कीर्तन. शनिवारी बंगल्याच्या अंगणात अजिनाथ महाराजांचं कीर्तन होतं आणि त्यांच्या मागे टाळ धरून उभं राहायचा मान त्याला जन्मात पहिल्यांदा मिळाला होता. आडवी आली ती दिवाणखान्यातली काचेची टाकी. पुण्याला शिकणाऱ्या आरोहीने, मालकांच्या लेकीने, तीत समुद्रातली प्रवाळं आणि खाऱ्या पाण्यातले मासे ठेवले होते. काचेवर शेवाळ असं माजलं होतं की आत मासे आहेत की मेथी, कळत नव्हतं.

"महाराज चहाला हितंच बसणार," मालकीणबाई सत्यभामाआक्का म्हणाल्या. "शनिवारपस्तोर आतलं दिसलं न्हाई, तर टाळ दुसऱ्याच्या हातात. तू टाकीपुढं उभा राहायचं, पडदा म्हणून."

घासायची सोय नव्हती. मागच्या खेपेला त्याने तारेच्या घासणीने काचेवर ओरखड्यांचा नकाशा काढला होता. म्हणून आरोहीला फोन गेला.

"काका, शेवाळ खाणारे प्राणी पाठवते. गोगलगायी पाठवू का शंखातले खेकडे? तुम्हीच ठरवा."

"गोगलगाय?" गहिनीनाथ उसळला. "ताई, दोन पानांवरचं सोयाबीन खाल्लं माझं तिनं! आन् खाऱ्या पाण्यात ती जगंल व्हय? कृषीवाल्या सायबानं सांगितलंय, वेचा, मिठाच्या पाण्यात टाका आन् बाहीर यिऊ नयेत म्हणून वर झाकण-दगड ठिवा. घमेल्यानं मारल्यात म्या."

"अहो, या समुद्रातल्या आहेत."

"जात एकच. खेकडे धाडा. घर पाठीवर घिऊन हिंडत्यात, वैरागी वाटत्यात."

आरोहीने "बरं" म्हटलं आणि दोन्ही पाठवलं.

मंगळवारी खोकं उघडलं. बारा खेकडे त्याने कौतुकाने टाकीत सोडले. दुसऱ्या पिशवीत पंधरा गोगलगायी निघाल्या, आणि सोयाबीनात मुरलेला हात आपोआप चालला. टाकीतून बदलून काढलेलं खारं पाणी मागच्या अंगणात एका बादलीत साठलेलं होतं. बादलीही आतून हिरवीगार. पंधराच्या पंधरा त्यात टाकल्या, वर झाकण, झाकणावर दगड. "पांडुरंगा, माफ कर," म्हणाला आणि हात धुतले.

वैरागी काही वैरागी निघाले नाहीत. माशांच्या तोंडचा घास पळवत, एकमेकांच्या शंखात डोकावून भांडत. काचेवर चढायचं नाव नाही. शुक्रवारी आक्कांनी काचेकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या टाळांकडे पाहिलं.

शनिवारी पहाटे गहिनीनाथ मेलेल्या गोगलगायी पुरायला गेला. दगड उचलला, झाकण काढलं आणि आत डोकावला. बादली दुकानातून आणल्यासारखी लख्ख. पंधराही जणी उरलेल्या एका हिरव्या पट्ट्याच्या मागे लागलेल्या!

त्याने चुपचाप एकेक उचलून टाकीच्या समोरच्या काचेला आतून चिकटवली. दुपारी काचेवरच्या शेवाळात पायवाटा उमटल्या. चहाच्या वेळेला काचेतून मासे आणि काचेवर महाराजांचा फेटा, दोन्ही स्वच्छ दिसले.

"कुठं ठिवल्या व्हत्या रे ह्या?" आक्कांनी विचारलं.

"बादलीत... आक्का, म्या खरं म्हंजी..."

"चार दिस राखून ठिवल्या, आयत्या वेळंला काढल्या! डोकं हाय गड्या." त्यांनी टाळ त्याच्या हातात कोंबले आणि महाराजांना कौतुकाने मागच्या अंगणात नेऊन बादली, झाकण, दगड सगळं दाखवलं.

कीर्तन रंगात आलं. मध्येच महाराज थांबले. "या घरात एक मानूस हाय, मंडळी. मुक्या जिवांना त्यानं चार दिस जपलं. ऊन लागू नये म्हणून झाकण घातलं, वारं यिऊ नये म्हणून दगड ठिवला. ह्याला म्हणत्यात भूतदया!"

सगळ्या माना गहिनीनाथाकडे वळल्या. त्याचा टाळ चुकला.

आरती झाल्यावर तो पाया पडायला वाकला तो उठेचना. "महाराज, म्या त्या मारायला टाकलत्या."

महाराजांनी उपरणं सावरलं, त्याच्या कानाशी वाकले.

"ठावं हाय. दगड बगितला तवाच वळखलं. माझं बी तीन एकर सोयाबीन हाय."

एवढीच गोष्ट. आता विनंती एक: कीर्तनात कुणाचा टाळ चुकला तर हसू नका, आमच्या गहिनीनाथाची आठवण करा.