हात लावण्याची पात्रता

आईच्या कपाळावर हात ठेवून मुलगी पुटपुटत होती आणि आईची धडधड शांत होत होती. अतिदक्षता विभागातल्या यंत्राने हे पाहिलं, म्हणून ते खरं ठरलं. मुलीच्या लहानपणी आई हेच करायची. पण तेव्हा घरात यंत्र नव्हतं, त्यामुळे ताप बेकायदा उतरायचा.

मोठे डॉक्टर यंत्राकडे पाहून गंभीर झाले. "हे कधीपासून चालू आहे?"

"आजीपासून," मुलगी म्हणाली.

"ताबडतोब थांबवा. परिणाम होतोय."

"मग चांगलंच आहे की."

"परिणाम नसता तर आमची काहीच हरकत नव्हती, ताई. दिवसभर पुटपुटला असतात तरी चाललं असतं. पण नाडी उतरते म्हणजे हा उपचार झाला. उपचार नातेवाइकांनी करायचे नसतात."

रुग्णालयाला परंपरेचा फार आदर. लगोलग पारंपरिक स्पर्शोपचार विभाग निघाला. शब्द मुलीकडूनच उतरवून घेतले, समितीने ते शुद्ध केले, मग मुलीला काचेबाहेर उभं केलं. प्रशिक्षित उपचारक हातमोजे घालून आईच्या उशाशी वाचू लागला.

"हा वीजबिल वाचतोय का गं?" तिच्याशेजारी उभ्या असलेल्या मावशीने, आईच्या बहिणीने, विचारलं.

आईची धडधड वाढली, तेव्हा मात्रा वाढवून दुसरा उपचारक जोडला. आईने त्याचा हात ढकलला. उपचारात अडथळा नको म्हणून तिचा हात पलंगाला बांधला.

"मला आत सोडा. ती माझा हात शोधतेय," मुलगी म्हणाली.

"तुमच्या हाताची चाचणी झालेली नाही."

दुपारी आई गेली. अहवालात नोंद झाली: रुग्णाने परंपरेला सहकार्य केले नाही. मग डॉक्टरांनी स्वतः दार उघडलं. "आता खुशाल हात लावा. परिणामाची शक्यता उरलेली नाही."

कपाळ अजून कोमट होतं. मुलगी पुटपुटली, अशुद्धच.

चौथ्या दिवशी शेजारीण कुठेतरी जाता जाता घरी भेटायला आली. डोळे पुसून झाल्यावर हळूच म्हणाली, "त्या विभागाचा नंबर देशील? आमच्या बाबांना हल्ली झोप नाही. सारखं म्हणतात, जरा जवळ बस. आम्हाला कुठलं गं ते जमायला? शिकलेलं माणूस असलेलं बरं."

मुलीने नंबर दिला. मावशीने विचारलं, "बाबांजवळ आत्ता कोण आहे?"

"कुणी कशाला लागतंय? खाली गाडीत बसवून आलेय. काच उघडी ठेवलीय थोडी."