साध्या पाण्यावरचा विषप्रयोग

"मी गुन्हेगाराला चेहऱ्यावरून नाही, सावलीवरून ओळखतो," गॅलरीतल्या नेहमीच्या खुर्चीत ऐसपैस बसत मामा म्हणाले. "शेजाऱ्यांची हरवलेली सायकल कुणी शोधून दिली?"

"तुम्हीच. नेलीही तुम्हीच होती," भाची म्हणाली.

"तपासासाठी!"

एरवी ती हसली असती, पण आज जीव टांगणीला लागला होता. आम्लाच्या ताणानं सागाच्या रोपांतली संप्रेरकं कशी बदलतात, यावर तिचा प्रबंध होता. गॅलरीतल्या एका रांगेला आंबट पाणी, दुसरीला साधं. ताणाचं संप्रेरक आंबट रांगेत वाढायला हवं. पण ते साध्या रांगेतही वाढलं होतं! उद्या सर येणार होते. कारण सापडलं नाही, तर वर्षाची मेहनत मातीत.

मामांनी भिंग काढलं. "सहानुभूती! शेजारच्या रांगेचे हाल बघून या रोपांनी हाय खाल्ली."

"मामा, रोपांना डोळे नसतात."

"म्हणूनच साक्षीदार मिळत नाहीये. बरं, सर कसे आहेत स्वभावानं?"

"काहीतरीच काय!"

"मग मांजर."

"कुठलं मांजर?"

"तेच तर शोधायचंय!"

तेवढ्यात आई सरबत घेऊन आली. भावाच्या हाती पेला देऊन ती आत गेली, भाची पाण्याची झारी तपासायला वळली. आई परत आली तेव्हा पेला रिकामा.

"इतक्यात संपवलंस? किती रे आवडतं तुला!" आई कौतुकानं वाकली आणि थबकली. "अगं, सागाच्या कुंडीत हे लिंबाचं रोप कुठून आलं?"

तिनं इवलंसं पान चुरगळून हुंगलं. खुर्चीवरून हात पोचेल अशा साध्या रांगेतल्या तिन्ही कुंड्यांत लिंबाच्या बिया पडल्या होत्या. एका कुंडीतली माती अजून ओली होती.

मामांनी भिंग खिशात घातलं. "डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून तुझं सरबत घशाखाली उतरत नाही, ताई. पण तू इतक्या मायेनं आणतेस! नको कसं म्हणू?"

"मामा!" भाची ओरडली, आणि लगेच तिला हायसं वाटलं. सगळ्या रांगेची पानं तिनं एकत्रच वाटून तपासली होती. या तीन कुंड्या वगळल्या की बाकीची रोपं ठणठणीत. सरांना सांगायला कारण मिळालं होतं.

"म्हणजे केस सुटली," मामा उठले. "माझी फी..."

"बस," आई म्हणाली. तिनं खुर्ची कुंड्यांपासून लांब ओढली, नवा पेला भरून आणला आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

मामांनी एक घोट घेतला. डोळे मिटले, कान लाल झाले, खांदे गळले.

"मामा, हलू नका," भाची वही उघडत म्हणाली. "आम्लाचा ताण इतका स्पष्ट मला अजून कुठल्याच रोपात दिसला नव्हता."