खोकल्याच्या गोळीनें शनिवारची सभा जिंकिली त्याची हकीकत

श्रीनादब्रह्म प्रसन्न असो, ऐकणारांचे कान शाबूत असोत. शके १९३१, विरोधी नाम संवत्सरे, माघ शुद्ध अष्टमी, मंदवार, सायंकाळीं सहाचे सुमारास दोन तंबोरे जुळले आणि आवाज मोजणाऱ्या यंत्राची सुई शून्याच्या दोन रेघा वर येऊन थरथरत राहिली. हें काचेपलीकडून हेमलताबाई शेजवळ यांणीं पाहिलें आणि त्यांस धास्ती पडली. बाई त्या नभोवाणीच्या राज्यांत अभिजात सभेच्या मुखत्यार. बावीस वर्षें सभा चालविली. आरंभीं सभेचा मुलूख तीन तासांचा, त्यांत गायन, चित्रांवर चर्चा, काव्यवाचन. मग क्रिकेटची स्वारी आली आणि तास गेला, मग फर्माइशी गाण्यांनीं तास दाबिला, मग काव्य गेलें, चित्रें गेलीं आणि पाऊण तास उरला. दर तहावर बाईंनीं सही केली आणि म्हणाल्या, "असू दे, सभा आहे तरी." मुख्य कारभारी सदानंदराव घैसास यांस सभा नकोच होती, परंतु बंद करा ऐसें जो म्हणेल त्याचे माथीं अपकीर्ति, सबब तो विचार दरसाल पुढील बैठकीवर जात असे.

त्याच आठवड्यांत कारभाऱ्यांनीं नवें यंत्र बसविलें, तें ऐसें कीं सुई सहा सेकंद पांच रेघांखालीं राहिली तर प्रक्षेपण बंद पडलें समजून आपण होऊन जाहिरात लावावी. तंबोरा दोनच रेघांचा आहे, हें बाईंनीं लेखी कळविलें. उत्तर आलें, पुढील बैठकींत पाहूं. मग बाई नरहरबुवा सावईकर यांजकडे गेल्या. बुवांचें वय एकोणऐंशी, आणि रीत ऐसी कीं मारवा रागांत षड्ज, म्हणजे सा, टाळीत जावें, ऐकणारास तहान लावावी, मग गप्प होऊन तंबोरे बोलूं द्यावे आणि मग षड्ज लावावा. बाई म्हणाल्या, "बुवा, आज पाच सेकंदांच्या वर थांबू नका." बुवा हंसले, "अगो बाय, षड्ज म्हणजे काय पणजीची बस? वेळ झाली की सुटली?"

मग बुवा गाइले, आणि अर्ध्या तासानें कोमल ऋषभावर येऊन थांबले. बाईंनीं मनांत सहा मोजिले. सातव्यास बुवांनीं षड्ज लाविला तो काचेआडच राहिला, आणि सर्व मुलखांत एक बाई किंचाळली, "खोकला छळतोय? गोळी चघळा, मोकळं व्हा!" यंत्र कुलुपांत, किल्ली घैसासांपाशीं. लागलीच फोन आले. एक म्हणे, "बुवांना फार खोकला झालाय का हो? आल्याचा रस द्या." दुसरा म्हणे, "बरं झालं मधे जाहिरात आली, डोळा लागला होता."

बुवा घाम पुशीत बाहेर आले. "कसा लागला षड्ज?"

"उत्तम लागला, बुवा." हें खरेंच होतें.

"हिनंसुद्धा ऐकला असेल. तीन महिने अंथरुणाला खिळलीय. येताना रेडिओ उशाशी लावून आलो. म्हणाली, तुमचा षड्ज ऐकल्याशिवाय औषध घ्यायची नाही."

बाई बुवांस गाडींत बसवून घैसासांचे दालनीं गेल्या. घैसास चहा घेत होते. म्हणाले, "या ताई. त्यांना सांगा, मधे थोडं गुणगुणत राहावं. नाहीतर असं करू, सभा वीस मिनिटांवर आणू, म्हणजे थांबायला सवडच नको! पुढच्या बैठकीत..."

येणेंप्रमाणें बावीस वर्षांचें वर्तमान जाहलें. त्याचें सार एका वाक्याचें होतें, दोघांसही ठाऊक होतें, आणि तें बाई उभ्या राहून बोलल्या:

"सभा बंद करा, साहेब, मी म्हणाले असं लिहून घ्या."