उत्तरेचं बटण

तयारीच्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही. हे मी स्वतःच सांगत असतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. म्हणून तर गच्चीची पैज मी हसत हसत मान्य केली. बायकोला तिथे कुंड्या हव्या होत्या, मला दुर्बीण. आज मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा एक तरी धड फोटो काढायचा, नाहीतर उद्यापासून गच्ची कुंड्यांची!

अंधार पडताच दुर्बिणीची बैठक ध्रुवताऱ्याच्या रोखाने लावली. या बैठकीला मोटार असते. आकाश सरकतं त्याच वेगाने ती दुर्बीण फिरवते, म्हणून कॅमेरा कितीही वेळ उघडा ठेवला तरी ताऱ्याचा ठिपकाच राहतो. मग लेकीकडे राहायला आलेल्या सासऱ्यांना राखणीला बसवून मी जेवायला उतरलो. दुर्बिणीला हात लावू नका, एवढं मात्र बजावलं.

जेवून आलो, मोटार सुरू केली, फोटो काढला. प्रत्येक ताऱ्याची लांबलचक रेघ! वाऱ्याला दोष दिला, चादर आडवी बांधली. पुन्हा रेघा. मग हादरे नकोत म्हणून वॉशिंग मशीन थांबवलं, जिन्यावरची ये-जा बंद केली आणि बायकोला जागची हलू नकोस असा फोन केला. श्वास घेतला तर चालेल का, असं तिने विचारलं. तरी रेघाच. शेवटी वैतागून मोटारच बंद केली, तर रेघा चक्क निम्म्या झाल्या. चालू असण्यापेक्षा बंद असताना बरं काम करणाऱ्या यंत्राचं काय करावं, मला कळेना.

"जावईबापू, उगाच जिवाला त्रास नका करून घेऊ," सासरे म्हणाले. "तुमची मुख्य चूक मी मघाशीच निस्तरलीय."

"कोणती चूक, बाबा?"

"दुर्बीण दक्षिणेकडे आणि खालचं बटण उत्तरेवर. दिलं फिरवून. दुर्बिणीला हात नाही हं लावला."

आता तुम्हाला म्हणून सांगतो, ते बटण दुर्बीण कुठे बघते यासाठी नसतं. आपण पृथ्वीच्या उत्तरेकडच्या अर्ध्यात राहतो की दक्षिणेकडच्या, यासाठी असतं. म्हणजे तारे एकीकडे चालले होते आणि माझी मोटार अगदी मन लावून उलटीकडे. मी घाईघाईने बटण उत्तरेवर आणलं, वर पाहिलं, तर मृगावर ढग. मला खरोखर रडू आलं. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की खरं काय ते सांगवेना.

सकाळी बायकोने जिन्यात कुंड्या मांडल्या. सासरे तिची समजूत घालत होते.

"त्यांच्यावर रागावू नकोस गं. मी होतो म्हणून निदान रेघा तरी आल्या."

"खरंय, बाबा," मी म्हणालो आणि त्यातल्या त्यात जड कुंडी उचलली.