उत्तरगडी पाटी राहिली त्याची हकीकत

श्रीयंत्रदेवता प्रसन्न असो, लिहिणाराचा हात आणि वाचणाराचा डोळा शाबूत राहो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन मासी राज्यात जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहिले ऐसे.

राज्य थोर, गड चार, दफ्तर मूळगडी, आणि गडोगडी एक संगणक, आणि संगणकाचे द्वारी शेल नामे हुजऱ्या. त्यास स्क्रिप्ट म्हणोन हुकूमनामा द्यावा आणि त्याने तो ओळीओळीने तामील करावा, ऐसी चाल. हुजऱ्याचे पाठीशी भिंतीवर पाट्या टांगिल्या असत, त्यांस व्हेरिएबल म्हणत. भाषा कोणती बोलावी, घड्याळ कोणत्या मुलखाचे धरावे, हे पाटीवर पाहोन तो वागे. आणि हुकूमनामे नीट चालतात की नाही हे पाहावयास टेस्टा लिहीत, आणि त्यांचे तपासनीस लखो शामराज, बारा वर्षांचे चाकर, बहुत जाणते, चारी गडांच्या हुजऱ्यांच्या खोडी त्यांस तोंडपाठ. मुख्य तपासनिशीची वस्त्रे दसऱ्यास द्यावयाची होती, आणि ती आपणांवाचून कोणास जातात, ऐसे लखोपंत निर्धास्त होते. तो चैत्रात कान्हो रंगनाथ परराज्यातून येऊन चाकरीस राहिले. सहा महिन्यांत त्यांनी तीनशे टेस्टा लिहिल्या, आणि दफ्तरात खिडकीजवळची जागा त्यांस मिळाली, आणि राज्याच्या धनी सरकार बाईसाहेब येता जाता पुसो लागल्या, "कान्होबा, चहा घेतलात?" लखोपंतांस बारा वर्षांत चहाचे कोणी पुसले नव्हते. मग लखोपंतांचे पोटात जे दुखू लागले ते दुखतच राहिले. कान्होबा हासले तर ह्यांस वाटे आपणांसच हासतो, आणि गप्प बसले तर वाटे शिष्ट आहे, आणि त्यांची टेस्ट उत्तम उतरली तर त्या दिवशी ह्यांस अन्न गोड लागू नये.

राज्याचा रिवाज ऐसा, की एकाचे लिहिणे दुसऱ्या जाणत्याने वाचोन शेरा दिल्यावाचून गडांवर धाडू नये. त्याप्रमाणे षष्ठीस कान्होबा आपले बाड घेऊन लखोपंतांकडे आले आणि अदबीने बोलिले, "पंत, आपली नजर फिरली म्हणजे मी निश्चिंत." लखोपंत वाचो लागले, चूक सापडावी ह्याच आशेने वाचो लागले, आणि दोनशे बाराव्या टेस्टेस सापडली. तेथे कान्होबांनी लिहिले होते की, एवढ्या कामापुरती परमुलखाच्या घड्याळाची पाटी टांगावी, आणि काम सांगितले होते फंक्शनास, म्हणजे हुजऱ्याच्या घरच्याच गड्यास. काम बाहेरच्या माणसास सांगितले तर तो आपली पाटी घेऊन येतो आणि जाताना घेऊन जातो, कोठे काही राहात नाही. घरच्या गड्याचे तैसे नव्हे. मूळगडचा हुजऱ्या काम होताच पाटी उतरवी. उत्तरगडचा हुजऱ्या ती तैसीच टांगती ठेवी. कान्होबांनी मूळगडीच करोन पाहिले होते, त्यांस हे ठाऊक असावयाचे कारण नव्हते. लखोपंतांस ठाऊक होते. एक शब्द बोलते तर काम निभते, परंतु आता तोंडाशी आलेला वस्त्रांचा घास हा नवखा कसा गिळतो ते पाहू, ऐसे मनी आणोन त्यांनी शेरा लिहिला, 'पाहिले. ठीक.' आणि त्या दिवशी दोन भाकरी अधिक जेविले.

अष्टमीस बाड चारी गडांवर गेले, आणि नवमीस उत्तरगडाहून जबाब आला तो लखोपंतांनी मोठ्या हौसेने स्वहस्ते उघडिला. पाहतात तो कान्होबांच्या तीनशेही टेस्टा उतरल्या आणि एकच पडली, ती लखोपंतांची. कारण गडावर जुन्या नव्या टेस्टा एकाच ओळीने चालत, कान्होबांचे काम होऊन गेल्यावर मागे राहिली ती पाटी, आणि ओळीत पुढे उभी होती लखोपंतांची बारा वर्षांची तिथीची टेस्ट. तिने तिथी विचारली, आणि नवमी असता परमुलखाच्या घड्याळाने अष्टमी सांगितली. कोणास सांगावे तर शेरा आपला, आणि न सांगावे तर टेस्ट आपली.

दशमीस दरबार भरला, वस्त्रांचे तबक मांडिले, आणि बाईसाहेबांनी पुसिले, "लखोपंत, बारा वर्षे उभी होती ती कालच कैसी पडली?" तो कान्होबा उठोन बोलिले, "सरकार, पंतांची टेस्ट शाबूत आहे. पाटी माझी मागे राहिली, चूक माझी. काल दिवसभर उत्तरगडी बसलो तेव्हा उमगले. ऐसे काम ह्यापुढे वेगळ्या खोलीत करवावे, पाटी तेथेच आधी लिहावी, मग टांगावी, आणि काम होताच खोली पाटीसकट मोडावी, म्हणजे चारी हुजऱ्यांपाशी एकच वर्तन." बाईसाहेब संतोष पावल्या, आणि लखोपंतांचा जळफळाट जाहला की चूक कबूल करण्याची वाहवाही हाच घेऊन गेला. मग कान्होबा आणखी बोलिले, आणि ते केवळ भलेपणाने बोलिले, "पंतांस वाचावयास दिले होते, परंतु माझे लिहिणे गुंत्याचे, त्यांच्याही नजरेतून सुटले. त्यांस बोल नसावा."

मागे कोणी हळूच म्हणाले, "वय जाहले आता पंतांचे." ते लखोपंतांनी ऐकिले, आणि मग त्यांस आवरेना.

"सुटले नाही," लखोपंत उभे राहोन बोलिले. "दोनशे बारावी. षष्ठीसच दिसले होते मला."

बाईसाहेबांनी पुसिले, "दिसले होते?"

"होय. उत्तरगडची खोड ह्या राज्यात माझ्यावाचून कोणास ठाऊक आहे?"

"मग ठीक म्हणोन लिहिलेत ते काय?"

कान्होबा त्यांजकडे पाहात राहिले, रागे भरोन नव्हे, आणि तेच लखोपंतांस सोसवेना.

तात्पर्य, वस्त्रे कान्हो रंगनाथांस जाहली, आणि खोलीची रीत चारी गडी लागू जाहली, आणि उत्तरगडी पुन्हा पाटी राहिली नाही. लखोपंतांची चाकरी बाईसाहेबांनी मोडिली नाही, जाणते माणूस म्हणोन ठेविले. फक्त त्यांचा शेरा बंद केला, आणि त्यांचे लिहिणे वाचोन शेरा देणे कान्होबांकडे सांगितले. कान्होबा प्रत्येक ओळ दोनदा वाचतात, आणि चूक असली तर त्याच दिवशी येऊन सांगतात.